‘ग्रोन’ आणि ‘कण्हणे’ : वेदनाध्वनीच्या एका क्रियापदाचा अर्थविचार

१

इंग्रजीतील ‘ग्रोन’ हे क्रियापद प्रथम भेटले म्हणजे मराठी विद्यार्थी वहीच्या समासात ‘कण्हणे’ असा अर्थ लिहितो आणि पुढे जातो. यात त्याचा दोष फारसा नाही. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने महाराष्ट्रात इंग्रजी शिकण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या रुजविली, तिचा पायाच मुळी एका भाषेतील शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवण्यावर उभारलेला होता. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि टॉमस कँडीने पूर्णतेस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या द्विभाषिक कोशांनीही एका इंग्रजी शब्दासमोर अनेक मराठी पर्याय ओळीने मांडण्याची पद्धत चालू ठेवली. पर्यायांची अशी ओळ वाचकास साहाय्य करते, पण त्यांतील कोणता पर्याय केव्हा लागू पडतो हे ती सांगत नाही. विद्यार्थी ओळीतील पहिला शब्द उचलतो. आणि ‘ग्रोन’ म्हणजे ‘कण्हणे’ हे समीकरण आयुष्यभर त्याच्याबरोबर राहते.

झाड, नदी, खुर्ची यांच्या बाबतीत अशा समीकरणाने फारसे बिघडत नाही. परंतु शरीराच्या वा मनाच्या अस्वस्थतेमुळे मुखावाटे जे ध्वनी निघतात, त्यांची नावे या प्रकारची नव्हेत. ‘ग्रोन’, ‘मोन’, ‘व्हाइन’, ‘व्हिंपर’, ‘ग्रंट’, ‘ग्रंबल’ ही इंग्रजी क्रियापदे ध्वनीचे वर्णन करता करता त्या ध्वनीचे मूल्यही ठरवितात. ज्याच्या तोंडून ध्वनी निघाला तो दुःखी आहे की कुरकुऱ्या आहे, त्याची कीव करावयाची की त्याला गप्प बसवावयाचे, याचा निवाडा क्रियापदातच झालेला असतो किंवा जाणूनबुजून अनिर्णित ठेवलेला असतो. मराठीत हा निवाडा वेगळ्या जागी होतो. म्हणून या क्रियापदांचे अध्ययन हा केवळ शब्दसंग्रहाचा विषय राहत नाही. तो वाचनाचा आणि समीक्षेचा विषय होतो. प्रस्तुत लेखात ‘ग्रोन’ हे क्रियापद मध्यवर्ती धरून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम या शब्दांच्या पूर्वेतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘ग्रोन’ हे प्राचीन इंग्रजीतील ‘ग्रानियन’ या क्रियापदाचे आजचे रूप आहे. दात विचकणे या अर्थाचे जे प्राचीन क्रियापद होते आणि ज्यापासून आजचा ‘ग्रिन’ हा शब्द आला, त्याच्याशी ‘ग्रोन’चे नाते सांगितले जाते. हे नाते मान्य केले तर या शब्दाच्या मुळाशी वेदनेने ताणलेला, दात दिसू लागलेला चेहरा आहे असे म्हणावे लागते. ‘ग्रोन’चा प्रवास शरीराकडून सुरू होतो, तक्रारीचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

‘मोन’ची दिशा याच्या उलट आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द शोक व गाऱ्हाणे या अर्थांनी आढळतो. दीर्घ, मंद, अस्फुट असा ध्वनी हा त्याचा आज पहिला वाटणारा अर्थ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदला गेला. म्हणजे येथे गाऱ्हाणे आधी आणि ध्वनी नंतर. आजच्या ब्रिटिश बोलीत ‘मोन’ करणे म्हणजे सतत तक्रार करीत राहणे हा अर्थ इतका प्रबळ आहे की, नित्याच्या संभाषणात हा शब्द बहुधा दूषणादाखल येतो. ‘व्हाइन’चा इतिहास आणखी निराळा आहे. प्राचीन इंग्रजीत तो हवेतून सणसणत जाणाऱ्या बाणाच्या आवाजासाठी होता. कुत्र्याच्या केविलवाण्या स्वराकडे आणि हट्टी मुलाच्या रडगाण्याकडे तो मागाहून वळला.

या तीन शब्दांचे प्रारंभ तीन ठिकाणी आहेत : एकाचा शरीरात, दुसऱ्याचा गाऱ्हाण्यात, तिसऱ्याचा निर्जीव वस्तूच्या ध्वनीत. तरीही तिन्ही शब्द आज अशा एका प्रदेशात येऊन थांबले आहेत की जेथे वेदना आणि तक्रार यांच्यामध्ये स्पष्ट कुंपण नाही. इंग्रजी भाषिकाला त्याची अडचण वाटत नाही, कारण प्रसंग व स्वर यांवरून तो अर्थ ओळखतो. परभाषिकाला मात्र हे कुंपण नसणे शिकावे लागते.

३

आता मराठीकडे वळू. मराठीत या क्षेत्रातील शब्दांची दोन घराणी स्पष्टपणे वेगळी दिसतात. पहिल्यात कण्हणे, कुंथणे, विव्हळणे ही क्रियापदे येतात. दुसऱ्यात कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कुरबूर असे शब्द येतात. पहिले घराणे वेदनेचे, दुसरे तक्रारीचे.

पहिल्या घराण्यातही सूक्ष्म भेद आहेत. कण्हणे हा आजाऱ्याचा ध्वनी आहे. तो मंद असतो, बराच वेळ चालतो, आणि ऐकणारा कोणी असो वा नसो, तो निघतच राहतो. कुंथणे यात जोर आहे. शरीराला पेलवत नाही असे काही करताना श्वास कोंडून जो आवाज निघतो तो कुंथण्याचा. धातुपाठात ‘कुन्थ्’ हा धातू क्लेशाच्या अर्थाने दिलेला आहे, आणि मराठी शब्दाने तो क्लेश नेमका शरीराच्या जोराशी बांधला आहे. विव्हळणे हे विह्वल या विशेषणावरून आलेले असल्यामुळे त्यात ध्वनीपेक्षा मनाची व्याकुळता अधिक आहे. तापाने फणफणलेला मनुष्य कण्हतो, धान्याचे पोते पाठीवर चढविणारा कुंथतो, आणि हाड मोडलेला विव्हळतो. इंग्रजीत या तिघांनाही ‘ग्रोन’ चालू शकते.

दुसऱ्या घराण्याचे रूपच निराळे आहे. यातील बहुतेक शब्द अनुकरणवाचक आणि द्विरुक्त आहेत. द्विरुक्तीमुळे पुनरावृत्ती सूचित होते : एकदाच केलेल्या तक्रारीस कोणी कुरकुर म्हणत नाही. येथे इंग्रजीशी एक लक्षणीय साम्य आढळते. ‘ग्रोन’, ‘मोन’, ‘व्हाइन’ हे एकाक्षरी, दीर्घ स्वराचे शब्द एका लांब निःश्वासाचे चित्र उभे करतात. ‘व्हिंपर’, ‘ग्रंबल’, ‘मटर’, ‘मर्मर’ यांच्या शेवटी मात्र र किंवा ल येतो, आणि ‘चॅटर’, ‘ट्विंकल’ यांसारख्या अनेक इंग्रजी क्रियापदांत हा शेवट त्याच क्रियेच्या वारंवार घडण्याची खूण असतो. मराठी जे काम सबंध अक्षरगटाच्या द्विरुक्तीने करते, ते इंग्रजी शब्दाच्या शेपटाने करते. म्हणून ‘ग्रंबल’ला कुरकुर, ‘मटर’ला पुटपुटणे आणि ‘व्हिंपर’ला प्रसंगानुसार मुसमुसणे किंवा कुईकुई करणे हे पर्याय विद्यार्थ्याच्या कानाला लगेच पटतात. अडचण येते ती ‘ग्रोन’ व ‘मोन’ यांच्यापाशी. त्यांचे रूप वेदनेच्या घराण्यातले आहे, पण त्यांचा संचार दोन्ही घराण्यांत आहे.

हा भेद मराठीत केवळ शब्दांपुरता मर्यादित नाही. तो व्याकरणातही उतरला आहे. ‘तो कण्हला’, ‘ती विव्हळली’ येथे कर्तरी प्रयोग आहे. परंतु तक्रार सांगावयाची झाल्यास ‘त्याने कुरकुर केली’, ‘तिने पिरपिर केली’ अशी कर्मणी रचना सहज येते. ‘तो कुरकुरला’ असेही म्हणता येते, नाही असे नाही. पण सामान्य वापराचा कल नाम आणि ‘करणे’ यांच्या जोडीकडे आहे. पहिल्या रचनेत ध्वनी माणसाकडून घडतो, दुसऱ्या रचनेत माणूस तो करतो. मराठीत तक्रार ही ‘केली’ जाते, म्हणजे तिची जबाबदारी करणाऱ्यावर पडते. कण्हण्याची जबाबदारी कोणावरच पडत नाही. इंग्रजी ‘ग्रोन’ एका अर्थाकडून दुसऱ्याकडे वळताना वाक्याची घडण तशीच राहते. मराठी अनुवादकाला त्या वळणावर प्रयोगच बदलावा लागतो.

या विभागणीला एक अपवाद नोंदविला पाहिजे. ‘कण्हतकुंथत काम केले’ असे आपण म्हणतो तेव्हा वेदनेचे दोन शब्द एकत्र येऊन नाखुषी दाखवितात. पण तेथे ते क्रियाविशेषण झालेले असतात आणि जोडीनेच येतात. ‘मुले अभ्यासाबद्दल कण्हली’ असे मराठी वाक्य कोणी करणार नाही. अपवाद कुंपणातील फट दाखवितो. कुंपण नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही.

४

ही भेदरेषा काव्यनाटकाच्या वाचनात किती महत्त्वाची ठरते, हे काही प्रसिद्ध स्थळांवरून पाहता येईल.

कीट्सच्या १८१९ मधील नाइटिंगेल पक्ष्यावरील ओडच्या तिसऱ्या कडव्यात, पक्ष्याला अज्ञात असलेल्या मानवी जगाचे जे चित्र येते, त्यात बसलेली माणसे एकमेकांचे ‘ग्रोन’ ऐकत आहेत. येथे ‘कण्हणे’ हा मराठी शब्द अचूक बसतो, आणि तो का बसतो हे समजून घेण्यासारखे आहे. कीट्सने लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिक्षण घेतले होते आणि शस्त्रवैद्यांचा साहाय्यक म्हणून काम केले होते. त्याचा धाकटा भाऊ टॉम १८१८ च्या डिसेंबरात क्षयाने वारला, आणि त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली होती. या कडव्यातील ध्वनी कोणाकडे दाद मागत नाही. ऐकणारेही स्वतः आजारीच आहेत. तक्रारीसाठी तक्रार ऐकून घेणारा, निदान ऐकून घेऊ शकेल असा कोणी तरी लागतो; येथे तो नाही. तक्रारीचा लवलेशही नसलेले ‘ग्रोन’ कसे असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मात्र ‘कण्हणे’ पुरे पडत नाही. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातील प्रसिद्ध स्वगतात जीवनाचे ओझे वाहणाऱ्या माणसाच्या तोंडी जो ध्वनी घातला आहे, त्यासाठी १६०४ च्या क्वार्टोत आणि १६२३ च्या फोलिओतही ‘ग्रंट’ हे क्रियापद आहे. ‘ग्रंट’ हा डुकराचाही आवाज. अठराव्या शतकातील अभिरुचीला तो राजपुत्राच्या मुखी सोसेना, आणि पोपसारख्या संपादकांनी त्याच्या जागी ‘ग्रोन’ छापले. १७६५ च्या आवृत्तीचा संपादक सॅम्युएल जॉन्सन याने जुन्या प्रतींतील ‘ग्रंट’ हाच खरा पाठ असल्याचे मान्य केले. परंतु आधुनिक कानांना तो सहन होणे कठीण, अशी पुस्तीही जोडली.

या पाठभेदाचे मर्म मराठी वाचकाला कुंथणे व कण्हणे यांच्या साहाय्याने इंग्रज वाचकाइतकेच, किंबहुना अधिक स्पष्टपणे कळू शकते. हॅम्लेटच्या मनातील माणूस अंथरुणाला खिळलेला नाही. तो ओझ्याखाली घामाघूम झालेला आहे. त्याचा ध्वनी कुंथण्याचा आहे. पण कुंथणे हा शब्द शौचाशी आणि बाळंतपणाशी निगडित असल्यामुळे शिष्ट मराठी कानालाही तो खटकतो, आणि अनुवादकाची लेखणी आपसूक ‘कण्हणे’कडे झुकते. तसे झाले की तो नकळत पोपच्या बाजूला जाऊन बसतो. ओझे नाहीसे होते आणि आजारपण उरते. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत ‘हॅम्लेट’ मराठीत आणू पाहणाऱ्या प्रत्येकासमोर हा पर्याय उभा राहिलेला आहे. जीवन ही व्याधी आहे की हमाली आहे, हा स्वगतातील विचाराचा गाभा एका क्रियापदावर अवलंबून आहे.

त्याच अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, नाटकातील नाटक चालू असताना, हॅम्लेट ऑफेलियाशी जे अशिष्ट बोलतो त्यात ‘ग्रोनिंग’ हे नाम येते. त्या काळच्या इंग्रजीत ‘ग्रोनिंग’ म्हणजे बाळंतपण असाही अर्थ होता. बाळंतपणाच्या वेळी पाहुण्यांना देण्याच्या केकला आणि पेयालाही हेच विशेषण लावीत. हा अर्थ ठाऊक नसलेला विद्यार्थी तेथे फक्त दुःखोद्गार वाचतो. त्यातील लैंगिक सूचना, ऑफेलियाची होणारी विटंबना आणि तिने ती ज्या संयमाने परतविली तो संयम, हे सर्वच त्याच्या हातून निसटते.

५

‘ग्रोन’च्या नैतिक अंगाचा सर्वांत बोलका पुरावा इंग्रजी बायबलात, विशेषतः १६११ च्या अधिकृत भाषांतरात मिळतो. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मिसर देशातील गुलामगिरीत पिचणाऱ्या इस्राएल लोकांचा ध्वनी देवाच्या कानी जातो. त्याला ‘ग्रोनिंग’ म्हटले आहे. सोळाव्या अध्यायात तेच लोक रानात अन्नासाठी मोशे व अहरोन यांच्याविरुद्ध आवाज उठवितात. तेथे क्रियापद ‘मर्मर’ आहे. लोक तेच आहेत आणि हालही काही संपलेले नाहीत. पण पहिल्या ध्वनीने देवाला आपल्या कराराचे स्मरण होते, आणि दुसरा ध्वनी दोषास्पद ठरतो. मराठी वाचकाच्या मनात येथे कण्हणे आणि कुरकुर हे दोन शब्द आपोआप उभे राहतात. भूक लागलेल्या माणसाच्या आवाजाला कोणत्या घराण्यात घालावयाचे, हे ग्रंथाने ठरविले आहे. निवेदक कोणत्या बाजूला उभा आहे, हे या निवडीतून जितके कळते तितके प्रकट उपदेशातूनही कळत नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने एकाच ध्वनीचे तीन कर्ते सांगितले आहेत : प्रथम समस्त सृष्टी, नंतर श्रद्धावंत, आणि शेवटी आत्मा. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘ग्रोन’चीच रूपे आहेत. मूळ ग्रीक क्रियापद ‘स्तेनाझो’ हे ज्या धातुकुळातील आहे, त्याच कुळात संस्कृत ‘स्तन्’ हा धातू, मेघगर्जनेस लावला जाणारा ‘स्तनित’ हा शब्द आणि इंग्रजी ‘थंडर’ यांची गणना होते. ज्या ध्वनीचे नाव एका भाषेत दुःखोद्गार झाले, तेच दुसऱ्या भाषेत मेघांचे गर्जन झाले. पौलाच्या वाक्यात सृष्टीच्या या ध्वनीला लागूनच प्रसूतिवेदनांचा उल्लेख आहे. येथे मराठीत ‘कण्हणे’ घातले तर सृष्टी रोगी असल्याचा भास होतो. वस्तुतः तिला कळा लागल्या आहेत, आणि त्या कळांच्या शेवटी काही जन्मास यावयाचे आहे. ‘कळा’ व ‘वेणा’ हे मराठीतील खास शब्द जवळ असताना केवळ कोशातील समीकरणामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

वेदनाही नाही आणि तक्रारही नाही, असा वापर याहून वेगळा. टेनिसनच्या १८४७ मधील ‘द प्रिन्सेस’ या काव्यातील एका गीताच्या अखेरीस कबुतरांच्या आवाजाला ‘मोन’ म्हटले आहे. तेथे शोकाची छाया शोधणे व्यर्थ होय. पारवे घुमतात हे मराठीचे नित्याचे वर्णन त्या नादाला पुरेसे आहे. त्याचप्रमाणे पक्वान्नांच्या भाराने मेज ‘ग्रोन’ करते असा इंग्रजी वाक्प्रचार आहे. येथे मराठी मन लाकडाच्या कुरकुरीकडे जाईल. आपल्याकडे खाट कुरकुरते, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात आणि माणसेही कुरकुरतात. इंग्रजीत मानवी वेदनेचा शब्द लाकडाला दिला गेला. मराठीत लाकूड आणि कुरकुऱ्या माणूस यांना एकच शब्द मिळाला. कुरकुरणाऱ्या माणसाबद्दल मराठी भाषिकाला सहानुभूती कमी का वाटते, याचे एक कारण या शब्दसाम्यात असणे शक्य आहे : न वंगणलेल्या कडीचा आवाज कोणालाच आवडत नाही.

६

आधुनिक गद्यात, विशेषतः कादंबरीच्या संवादात, ‘ग्रोन’ची आणखी एक कामगिरी दिसते. ते ‘म्हणाला’च्या जागी येते. पात्र काही बोलते आणि लेखक ते ‘ग्रोन’ करून बोलले असे सांगतो. पुष्कळदा तेथे ना वेदना असते ना गंभीर तक्रार. असतो तो केवळ कंटाळा. पावसात छत्री विसरलेला माणूस, पुन्हा जिना चढावा लागणारा टपालवाला किंवा शिळा विनोद ऐकणारा मित्र, हे सर्व इंग्रजीत ‘ग्रोन’ करतात. अनुवादित मराठी कथा-कादंबऱ्यांत अशा ठिकाणी ‘तो विव्हळला’ किंवा ‘तो कण्हला’ अशी वाक्ये अनेकदा भेटतात. छत्री विसरलेला माणूस विव्हळू लागला की वाचकाला एक तर त्याच्या प्रकृतीची काळजी वाटते, नाही तर हसू येते. मूळ लेखकाला दोन्ही अभिप्रेत नव्हते. मराठीत येथे ‘वैतागून म्हणाला’, ‘सुस्कारा टाकून म्हणाला’ किंवा ‘त्याने कपाळावर हात मारला’ असे म्हणावे लागते. क्वचित ‘अरे देवा!’ एवढा उद्गारच पुरतो. ध्वनीचे क्रियापद सोडून हावभावाकडे जाणे ही येथे अनुवादकाची पळवाट नव्हे. तोच भाव मराठी माणूस हाताने आणि चेहऱ्याने व्यक्त करतो.

मनातल्या मनात ‘ग्रोन’ करणे असाही इंग्रजी प्रयोग आहे, आणि त्यात ध्वनी मुळीच नाही. मराठीत मनातल्या मनात कण्हता येत नाही; चरफडता येते. उलट टोकाला, एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात ‘ग्रोन’ हा सार्वजनिक निषेधाचा प्रकार होता. नावडत्या पुढाऱ्याच्या नावाने सभेत तीन वेळा ‘ग्रोन’ करीत, जसा आवडत्याच्या नावाने तीन वेळा जयघोष करीत. आणि वर्तमानपत्रे भाषणाच्या वृत्तात कंसात त्याची नोंद घेत. त्या वृत्तांतील हा शब्द वाचून सभेत लोक आजारी पडले होते असे समजणारा विद्यार्थी विनोदाचा विषय होईल. पण त्याच्या हाती ‘कण्हणे’ एवढेच असेल तर तो दुसरे काय समजणार? मराठी सभांच्या वृत्तान्तातील ‘शेम शेम’ हा उसना उद्गार त्या नोंदीच्या अधिक जवळचा आहे.

७

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष निघतात. ‘ग्रोन’सारखे क्रियापद शिकविताना पर्यायांची यादी देण्याऐवजी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावणे अधिक फलदायी ठरेल. हा ध्वनी माणसाकडून आपोआप घडला, की त्याने तो केला? तो कोणी ऐकावा अशी अपेक्षा आहे काय? आणि हे क्रियापद कोण वापरीत आहे : सोसणारा, शेजारी, की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठीतील प्रयोग ठरविते, दुसऱ्याचे घराणे ठरविते, आणि तिसऱ्याचे उत्तर सबंध उताऱ्याचा दृष्टिकोन उघड करते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, इंग्रजी शब्द इंग्रजीतूनच समजून घ्यावा, मराठीची मध्यस्थी नको. प्रत्यक्ष पद्धतीचे पुरस्कर्ते तसे सांगत आले आहेत, आणि बोलण्याच्या सरावापुरते त्यांचे म्हणणे योग्यही आहे. परंतु पदव्युत्तर पातळीवर साहित्य वाचणाऱ्याला मराठीची मध्यस्थी टाळणे अवघड, आणि टाळणे हिताचेही नाही. ‘ग्रंट’ व ‘ग्रोन’ यांच्यातील पाठभेदाचे गांभीर्य ज्याच्या कानी कुंथणे आणि कण्हणे यांतील अंतर आहे त्याला चटकन समजते. दोष मातृभाषेच्या मध्यस्थीचा नसून त्या मध्यस्थीत एकाच शब्दावर थांबण्याचा आहे.

इंग्रजीने वेदना आणि तक्रार यांना एका क्रियापदात राहू दिल्यामुळे तिच्या लेखकांना एक सोय मिळाली : निर्णय वाचकावर सोपविता येतो. त्याच सोयीमुळे एक धोकाही निर्माण झाला, कारण दुखणाऱ्याचा आवाज नकोसा झाला की तोच शब्द त्याच्यावर दूषण म्हणून उलटविता येतो. मराठीत अनुवाद करणाऱ्याला अशी संदिग्धता क्वचितच लाभते. रुग्णालयातील वृद्धा, वेठीला धरलेला मजूर किंवा रानात भुकेलेला समाज यांचा आवाज मराठीत आणताना त्याला ‘कण्हणे’ लिहावयाचे की ‘कुरकुर’ लिहावयाची हे ठरवावेच लागते. एक शब्द लिहिला तर वाचक त्या माणसाजवळ जाऊन बसतो, दुसरा लिहिला तर त्याच्याकडे पाठ फिरवितो. ज्या मूळ लेखकाने हा निर्णय जाणीवपूर्वक लांबविला असेल, त्याच्या बाबतीत अनुवादकाला ‘त्याच्या तोंडून आवाज निघाला’ एवढ्यावर थांबण्याचे धैर्यही दाखवावे लागेल. यांपैकी काय करावे याचे उत्तर कोशात सापडणार नाही. ते त्या उताऱ्याच्या सावध वाचनातूनच मिळवावे लागेल.